स्टनगनचा खटका किती वेळा दाबला, ते कोण दाखवणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगावात लाठीमार झाला की दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास ऐकू येते : 'डोकी फोडण्यापेक्षा पोलिसांना ती शॉकची बंदूक तरी द्या.' सुवर्ण विधानसौधाजवळ १० डिसेंबर २०२४ रोजी पंचमसाली समाजाच्या आंदोलकांवर लाठ्या चालल्या. त्याआधी जुलै २०१४ मध्ये येळ्ळूरने त्या सोसल्या. हिंडलग्याच्या स्मारकावर १९८६ च्या पोलिस गोळीबारातल्या हुतात्म्यांना दरवर्षी अभिवादन करणाऱ्या या भागाला लाठी आणि गोळी यांच्या मधले काही हवेसे वाटले, तर त्यात नवल नाही. पण ते 'मधले काही' नेमके काय करते, कुठे फसते आणि त्याचा हिशेब कोण ठेवतो, हे समजून न घेता मागणी करणे धोक्याचे आहे. आमच्यापैकी एक वैद्यकीय व्यवसायात आहे आणि एक वकिलीत. म्हणून यंत्र आणि कायदा या दोन्ही बाजूंनी लिहीत आहोत.

आधी एक गोंधळ दूर करू. ऑनलाइन दुकानांत बॅटरीसारखी दिसणारी 'स्टनगन' मिळते. तिच्या टोकाला धातूचे दोन ठिपके असतात, त्यांच्यामध्ये ठिणगी उडते आणि ती अंगाला टेकवली की माणूस कळवळतो. एवढेच तिचे काम. खोक्यावर छापलेल्या लाखो व्होल्टच्या आकड्याला काही अर्थ नसतो. पोलिसांसाठी बनवलेले यंत्र वेगळे आहे. लोक त्याला टेसर या व्यापारी नावानेच ओळखतात; या पत्रात पुढे स्टनगन म्हणू ती हीच. आकार पिस्तुलासारखा, पुढे बदलता येणारे काडतूस, त्यात दाबून भरलेला नायट्रोजन आणि दोन बाण. बाण म्हणजे साधारण सेंटिमीटरभर लांबीची, मासे पकडायच्या गळासारखा उलटा काटा असलेली सुई. प्रत्येक बाणामागून एक अतिशय बारीक तार उलगडत जाते आणि तिचे दुसरे टोक बंदुकीतच राहते. दोन्ही बाण रुतले तरच वीज एका बाणातून शरीरात शिरून दुसऱ्यातून परतते. एकच लागला तर सुई टोचल्यापलीकडे काही होत नाही.

ज्या एक्स-२६ या मॉडेलवरून जगभर वाद झाला त्याचे आकडे पाहा. ५०,००० व्होल्टचा दाब असतो तो बाण आणि कातडी यांच्यामधली कपड्याची फट ओलांडण्यासाठी. शरीराला मिळतो तो सुमारे १,२०० व्होल्ट. प्रवाह अखंड नसतो : सेकंदाला १९ ठोके, प्रत्येक ठोका सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाएवढा, आणि प्रवाहाची सरासरी साधारण २ मिलिअँपिअर. घरातल्या २३० व्होल्टच्या उघड्या वायरीला चिकटलेला माणूस दगावतो आणि याने बहुधा दगावत नाही, त्याचे कारण हे. खटका एकदा दाबून सोडला की ५ सेकंदांचा एक फेरा आपोआप पुरा होतो, म्हणजे ९५ ठोके. तेवढा वेळ माणूस शुद्धीवर असतो, समोरचे बोलणे ऐकत असतो, पण स्नायू त्याच्या ताब्यात नसतात. 'हात वर कर' म्हटले तरी त्याला हात वर करता येत नाही. आणि खटका दाबूनच धरला तर या मॉडेलमध्ये फेरा ५ सेकंदांवर थांबत नाही, बोट सुटेपर्यंत चालू राहतो.

आता अंतराचा हिशेब, कारण यातली बहुतेक फसगत अंतराने होते. वरचा बाण नेमाच्या रेषेत सरळ जातो, खालचा ८ अंश खाली. त्यामुळे लांबून मारले की दोघे फाकतात : १ मीटरवर त्यांच्यात १४ सेंटिमीटर अंतर पडते, २ मीटरवर २८, ३ मीटरवर ४२. अंग पुरते जखडायचे तर बाणांमध्ये ३० सेंटिमीटरच्या आसपास अंतर हवे. हा हिशेब खडेबाजारालगतच्या एखाद्या बोळात किंवा जुन्या घराच्या सोप्यात लावून पाहा. दोन माणसांमध्ये दोन मीटर आणायचे कुठून? जवळून मारलेले बाण वीतभर जागेत बसतात आणि तेवढेच स्नायू आवळतात. माणूस ओरडतो, पण हातपाय झाडू शकतो. पोलिसाला वाटते हा ऐकत नाही, आणि तो पुन्हा दाबतो. सहा मीटरच्या पुढे उलटी अडचण : खालचा बाण दोन पायांच्या मधून निघून जातो. खानापूर-जांबोटीकडे पावसाळ्यात रेनकोट किंवा घोंगडी पांघरलेल्या माणसावर बाण वरच्या वरच अडकतो. अशा वेळी यंत्राचा मोठा कडकडाट ऐकू येतो. बघणाऱ्यांना वाटते जबर झटका बसला. खरे तर मोठा आवाज म्हणजे वीज हवेतच उडते आहे. दोन्ही बाण नीट लागले की आवाज दबतो.

विजेइतकीच भीती पडण्याची आहे. हात पुढे करून सावरता येत नसल्याने माणूस ओंडक्यासारखा कोसळतो आणि डोके डांबरी रस्त्यावर किंवा दगडी पायरीवर आदळते. म्हणून गच्चीवरच्या, विहिरीच्या कठड्यावरच्या, उसाच्या ट्रॉलीवर चढलेल्या, पळणाऱ्या किंवा दुचाकीवरच्या माणसावर हे चालवायचे नसते. पाण्यात उभा असेल तर विजेपेक्षा बुडण्याचा धोका मोठा. आणि आपल्याकडे विशेष लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट : सरकारी कचेऱ्यांसमोर अंगावर रॉकेल किंवा पेट्रोल ओतून घेण्याचे प्रकार होतात. अशा माणसाला वाचवायचे म्हणून झटका दिला, तर ठिणगीने तोच पेटतो. तिथे ओले पोते आणि पाण्याची बादली लागते.

हृदयाचा प्रश्न निर्मात्यांनी आधी फारसा मानला नव्हता. २००९ मध्ये खुद्द कंपनीनेच छातीवर नेम धरणे टाळा, असे पोलिसांना कळवले. पाठ हे पहिले लक्ष्य. समोरून मारायचेच तर छातीच्या खाली, एक बाण पोटावर आणि दुसरा मांडीवर पडेल असे. अमेरिकेतल्या पोलिस अधिकाऱ्यांच्याच संशोधन संस्थेने २०११ मध्ये एकूण १५ सेकंदांच्या पुढे, म्हणजे तीन फेऱ्यांच्या पुढे, धोका वाढतो असे धरून सूचना काढल्या. इंग्लंडमध्ये २०१६ साली डॅलियन ॲटकिन्सन या माजी फुटबॉलपटूवर खटका सलग ३३ सेकंद दाबून धरला गेला आणि नंतर त्याच्या डोक्यावर लाथा बसल्या. संबंधित पोलिस २०२१ मध्ये सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरला, शिक्षा आठ वर्षे. ३३ हा आकडा न्यायालयाला कुठून मिळाला? यंत्राच्या स्वतःच्या नोंदीतून. याकडे पुढे परत येऊ.

आमचा या यंत्राला सरसकट विरोध नाही. दारू पिऊन कोयता घेतलेला माणूस चार मीटरवर उभा आहे, मागे घरातली पोरे आहेत आणि पोलिसाच्या हातात दुसरे काही असेल तर ती पिस्तूलच आहे, अशा क्षणी दोन बाण गोळीपेक्षा शतपटीने बरे. त्याच जोडीला दुसरा पोलिस बेड्या घेऊन तयार हवा, कारण ५ सेकंदांतच हात धरायचे असतात. तो फेरा संपल्यावर माणूस पुन्हा पहिल्यासारखा उभा राहू शकतो. ज्याला हे शिकवलेले नाही तो दुसरा, तिसरा, चौथा फेरा देत राहतो. शिवाय स्टनगन पिस्तुलाच्या विरुद्ध बाजूला, वेगळ्या रंगाची आणि डाव्या हाताने काढावी लागेल अशी लावायची असते. अमेरिकेत एप्रिल २०२१ मध्ये एका अनुभवी महिला पोलिसाने 'टेसर, टेसर' असे ओरडत खरे पिस्तूल चालवले आणि २० वर्षांचा डॉन्टे राइट मेला.

गर्दीवर मात्र हे यंत्र अजिबात चालत नाही, आणि टपरीवरची मागणी नेमकी गर्दीसाठीच असते. दोन बाणांत एक माणूस पडतो, तोही मागून रेटणाऱ्यांच्या पायांखाली. जमाव पांगवण्याचा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ मध्ये आहे : आधी हुकूम, तो मानला नाही तर बळ. हुकूम देऊ शकतो तो कार्यकारी दंडाधिकारी, ठाण्याचा प्रमुख किंवा तो नसेल तर निदान फौजदार दर्जाचा अधिकारी. लाठी कमरेखाली चालवायची, डोके आणि गळपट्टीचे हाड टाळायचे, जमाव फुटला की थांबायचे, हे पोलिसांना नव्याने शिकवायला नको. डोकी फुटतात ती हे पाळले जात नाही म्हणून. जो नियम लाठीला पाळला जात नाही, तो नव्या यंत्राला आपोआप पाळला जाईल असे मानायला आधार काय?

आम्हाला सर्वांत जास्त भीती वाटते ती चार भिंतींच्या आतल्या वापराची. काडतूस काढून टाकले, किंवा ते वापरून झाले, तरी हे यंत्र थेट अंगाला टेकवून चालवता येते. या पद्धतीत दोन टोकांमध्ये जेमतेम तीन-चार सेंटिमीटर अंतर असल्याने स्नायू जखडत नाहीत, माणूस ताब्यात येत नाही, फक्त वेदना होते. म्हणजे पकडण्यासाठी तिचा उपयोग जवळजवळ नाही. कबूल करायला लावण्यासाठी आहे. आणि खूण? मसुरीच्या डाळीएवढे दोन तांबूस ठिपके, सारख्या अंतरावर, जोडीजोडीने. चार-आठ दिवसांत ते पुसट होतात. लाठीचे वळ न्यायाधीशासमोर शर्ट वर करून दाखवता येतात, पायाच्या तळव्यांची सूज डॉक्टरला दिसते. हे ठिपके कुणी पाहायला गेलेच नाही तर डास चावल्यासारखे वाटतात. संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी समितीने २००७ मध्ये पोर्तुगालच्या संदर्भात याच एक्स-२६ बद्दल, त्याने होणाऱ्या तीव्र वेदना हा छळाचा प्रकार ठरतो, असे मत दिले होते. त्यामुळे पहिली मागणी : ठाण्याच्या आवारात, गाडीत आणि बेड्या घातलेल्या माणसावर स्टनगन वर्ज्य, टेकवून चालवण्याची सोय यंत्रातच बंद करता येत असेल तर ती बंद करूनच खरेदी करावी. जबाबासाठी मारहाण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० खाली गुन्हा आहेच, त्यात शॉकही आला.

या यंत्राची एक गोष्ट मात्र लाठीपेक्षा चांगली आहे. लाठी किती वेळा पडली याची नोंद लाठीत नसते. यात असते : प्रत्येक वेळी खटका कधी दाबला आणि किती सेकंद. काही मॉडेलची काडतुसे फुटताना कागदी टिकल्यांसारखे बारीक तुकडे जमिनीवर सांडतात, त्यांवर काडतुसाचा क्रमांक छापलेला असतो. पंचनाम्यात या टिकल्या, तारा आणि बाण गोळा झाले पाहिजेत. रस्ता झाडून झाल्यावर काही उरत नाही. नोंदीतही एक खोच आहे. यंत्राचे घड्याळ मागेपुढे सरकते. ते महिन्याला एकदा मिळवून त्याची वही ठेवली नाही, तर नोंदीतली वेळ आणि सीसीटीव्हीतली वेळ जुळत नाही आणि वकील तेवढ्यावरच पुरावा उडवतात. म्हणून नोंद त्याच दिवशी, यंत्र वापरणाऱ्याव्यतिरिक्त दुसऱ्या अधिकाऱ्याने उतरवून घ्यावी आणि साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे हॅश मूल्यासह (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) प्रमाणपत्र जोडावे. नोंदीची प्रत जखमी माणसाला विनाअर्ज मिळावी, ही दुसरी मागणी.

तिसरी मागणी भाषेची, आणि ती या भागाचीच आहे. यंत्र चालवण्याआधी मोठ्याने इशारा द्यायचा, ऐकणाऱ्याला मानायला वेळ द्यायचा, हा सगळीकडचा नियम. इशारा कळला नाही तर तो दिलाच नाही. रॉबर्ट जिकान्स्की हा पोलंडचा माणूस ऑक्टोबर २००७ मध्ये व्हँकुव्हरच्या विमानतळावर उतरला. इंग्रजी येत नाही, आई भेटत नाही, असे दहा-एक तास गेल्यावर तो बिथरला. पोलिस आल्यापासून अर्ध्या मिनिटाच्या आत त्याच्यावर टेसर चालला, एकूण पाच वेळा, आणि तो तिथेच मेला. चौकशी आयोगाने तो वापर असमर्थनीय ठरवला. आता कंग्राळी, उचगाव किंवा करडगा इथला सत्तरीचा माणूस डोळ्यांसमोर आणा. बाजारात तो कन्नड बोलतो, व्यवहार करतो. पण घाबरलेल्या वेळी 'निल्ली' (थांबा), 'कै मेले माडी' (हात वर करा) हे त्याच्या कानात शिरेलच असे नाही. सौंदत्तीहून बदलून आलेल्या पोलिसाला त्याचे मराठी ओरडणे कळेलच असे नाही. यात कुणाचा दोष नाही. दोन शब्द शिकवून हे सुटते : 'निल्ली, थांबा. शॉक देतो.' हीच जोडी प्रशिक्षणात घोकून घ्यावी. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून अधिक असतील तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे धोरण १९५६ पासूनचे आहे; बळाच्या वापराचा आदेश तरी कन्नडबरोबर मराठीत निघावा. कन्नड शेतकऱ्यालाही तो वाचता येईल असा उघड असावा, खात्याच्या कपाटात नको.

भाषा न कळणाऱ्यांत मानसिक आजाराचे लोकही येतात. ऑस्ट्रेलियात मे २०२३ मध्ये ९५ वर्षांच्या, स्मृतिभ्रंश झालेल्या, वॉकरच्या आधाराने चालणाऱ्या क्लेअर नाउलँड यांच्यावर वृद्धाश्रमात टेसर चालला. त्यांच्या हातात स्वयंपाकघरातली सुरी होती. त्या पडल्या, डोक्याला मार लागला, आठवड्याने गेल्या. आपल्या मानसिक आरोग्य कायद्याचे, २०१७ चे, कलम १०० पोलिसांना सांगते की अशा माणसाला संरक्षणात घेऊन २४ तासांत सरकारी आरोग्य संस्थेत न्यावे, कोठडीत ठेवू नये. बेळगावला धारवाडची डिम्हान्स ही मानसिक आरोग्य संस्था जवळ आहे. घरच्यांपैकी एकाला पुढे करून दहा मिनिटे बोलत राहणे हेच तिथले शस्त्र.

झटका बसलेला माणूस दवाखान्यात आला तर काय करायचे, हे तालुक्याच्या डॉक्टरांसाठी थोडक्यात. त्याला पालथा दाबून ठेवलेला असेल तर आधी कुशीवर वळवा. पाठीवर गुडघा असताना श्वास कोंडतो आणि नंतर दोष 'उन्मादा'वर (एक्सायटेड डिलिरियम) टाकला जातो. त्या निदानाला आधार देणारा २००९ चा निबंध अमेरिकेतल्या आपत्कालीन डॉक्टरांच्या संघटनेनेच २०२३ मध्ये मागे घेतला. हातापायातला बाण कातडी ताणून एका सरळ झटक्यात निघतो. डोळा, चेहरा, मान, स्तन किंवा जननेंद्रियातला बाण मोठ्या रुग्णालयाशिवाय काढू नये. काढल्यावर सुईचे टोक शाबूत आहे का पाहावे, धनुर्वाताचे इंजेक्शन द्यावे, आणि बाण फेकू नये : तो पुरावा आहे, रक्त लागलेला आहे, कडक डबीत सील करावा. छातीवर बाण, १५ सेकंदांहून अधिक झटका, हृदयविकार, गरोदरपण, चक्कर किंवा छातीत दुखणे असेल तर ईसीजी हवाच. लघवी चहासारखी दिसली तर स्नायू फुटल्याची शंका घेऊन रक्तातले सीके (स्नायूंतले एन्झाइम), पोटॅशियम, क्रिएटिनिन तपासावे. डोके, मणका आणि खांदा विसरू नये. आणि ठिपक्यांचा फोटो त्याच दिवशी, बाजूला मोजपट्टी धरून. एमएलसीत (पोलिस प्रकरणातल्या जखमांची वैद्यकीय नोंद) नुसते 'किरकोळ ओरखडे' लिहू नका. जागा, संख्या आणि दोन ठिपक्यांमधले अंतर लिहा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ प्रमाणे अटकेनंतर लगेच तपासणी करणे बंधनकारक आहे आणि तिची प्रत अटक झालेल्याला किंवा त्याच्या माणसाला मिळते. ती मागून घ्या.

नातेवाइकांनी पहिल्या दिवशी करायचे काम वेगळे. परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी प्रत्येक ठाण्यात आवाजासह सीसीटीव्ही आणि १८ महिन्यांचे, नाइलाज असेल तर निदान वर्षाचे, चित्रण राखण्याचा आदेश दिला आहे. तरी 'कॅमेरा बंद होता' हे उत्तर टाळायचे असेल तर तारीख, वेळ आणि ठाण्यातली जागा लिहून चित्रण राखून ठेवण्याचा अर्ज लगेच द्या, पोच घ्या, एक प्रत पोलिस आयुक्तांना किंवा ग्रामीण भागात जिल्हा पोलिसप्रमुखांना. पहिल्या हजेरीला दंडाधिकारी विचारोत किंवा न विचारोत, 'शॉक दिला' हे आरोपीने स्वतः मोठ्याने सांगावे आणि ते रोजनाम्यात लिहून घ्यायला वकिलाने लावावे. अटकेची कारणे आरोपीला कळणाऱ्या भाषेत लेखी द्यावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये मिहीर शहा खटल्यात सांगितले आहे. तेव्हा न वाचता येणाऱ्या कन्नड कागदावर सही करण्यापूर्वी मराठी प्रत मागणे हा उद्धटपणा नाही, हक्क आहे.

हे कागद इतके का जपायचे? कर्नाटक पोलिस कायद्याचे कलम १७०. कर्तव्य बजावताना मर्यादा ओलांडली गेली असली, तरी त्या कृतीचा कर्तव्याशी संबंध असेल तर सरकारच्या मंजुरीशिवाय खटला उभा राहत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने देवराज खटल्यात २०२० मध्ये स्पष्ट केले. मंजुरी मागताना हाती ठिपक्यांचा फोटो, यंत्राची नोंद आणि चित्रण नसेल तर अर्ज तिथेच बसतो. निपाणी, खानापूरची माणसे उपचाराला कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात किंवा चंदगडला जातात. तिथल्या डॉक्टरने केलेली एमएलसीही तितकीच ग्राह्य आहे, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, फिर्याद तिथल्या ठाण्यात शून्य क्रमांकाने नोंदवून घ्यावीच लागते. हद्दीचे कारण सांगून परत पाठवले तर तेच कारण लेखी मागा.

आपले,
एक डॉक्टर आणि एक वकील
शहापूर, बेळगाव